खरी प्रत कुठे आहे?

‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ हे वाक्य फार मोघम आहे. पंखा फिरतो का? स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह उमटतं का? गोल फिरणारे ठिपके दिसतात का, आणि दिसत असतील तर किती वेळ? की लॉगिनच्या पानापर्यंत येऊन मग सगळं काळं पडतं? या प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या आजारांकडे बोट दाखवतात. तरी इलाज मात्र सगळ्यांना एकच सांगितला जातो: फॉरमॅट मार, नवीन विंडोज टाक. त्याने मशीन बहुतेक वेळा सुरू होतं, हे खरं आहे. पण बिघडलं काय होतं ते कळत नाही. मूळ दुखणं रॅममध्ये किंवा डिस्कमध्ये असेल तर नव्या विंडोजच्या फाइलीही पुन्हा तशाच खराब होतात, आणि मधल्या मधे जुना डेटा गेलेला असतो.

सिस्टम फाइल करप्ट झाली म्हणजे डिस्कवर ज्या जागी जे बाइट असायला हवे होते ते तिथे नाहीत. मग दुरुस्तीत खरा प्रश्न एकच उरतो. तिथे काय असायला हवं होतं, हे आता कुणाला माहीत आहे? त्या फाइलीची खरी, विश्वासाची प्रत कुठे आहे? दुरुस्तीची प्रत्येक कमांड या प्रश्नाचं आपलं एक उत्तर गृहीत धरून चालते. ते उत्तर न जाणता कुठून तरी उतरवलेल्या कमांडी एकामागून एक चालवत सुटणं म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

आधी बूटची साखळी डोळ्यांसमोर हवी. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच साठवलेला पायाभूत प्रोग्राम, जागं होतं, रॅम आणि उपकरणं तपासतं आणि डिस्कवरचं एक छोटं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला कप्पा) उघडतं. त्याला ईएफआय सिस्टम पार्टिशन म्हणतात. ते साधारण १०० एमबीचं असतं आणि फॅट३२ पद्धतीचं असतं. त्यातला विंडोज बूट मॅनेजर बीसीडी नावाची नोंदवही वाचतो आणि विंडोज कुठल्या पार्टिशनवर आहे ते शोधतो. मग तो विनलोडकडे सूत्रं सोपवतो. विनलोड कर्नल (विंडोजचा गाभा), रजिस्ट्री या सेटिंगच्या साठ्यातला सिस्टम हा भाग आणि सुरुवातीलाच लागणारे ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्राम) रॅममध्ये आणतो. तिथून पुढे कर्नल, सेशन मॅनेजर, विनलॉगॉन आणि शेवटी लॉगिनचं पान. जुन्या बायोस पद्धतीत सुरुवात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरपासून होते, बाकी क्रम जवळपास तोच.

साखळी कुठे तुटली हे एरर कोड बऱ्यापैकी नेमकं सांगतात. कोडच्या सुरुवातीचं शून्य-एक्स सोडून देऊ. सी००००००एफ किंवा सी०००००९८ दिसला तर बीसीडीची नोंदवही सापडत नाही किंवा तिच्यात विंडोजची धड नोंद नाही. म्हणजे विंडोजच्या मूळ फोल्डरला कदाचित धक्काही लागलेला नसेल. सी००००२२१ म्हणजे एखाद्या ड्रायव्हरची किंवा डीएलएलची (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडच्या फाइलीची) चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळत नाही, आणि बहुधा त्या फाइलीचं नावही खाली छापलेलं असतं. सी००००४२८ म्हणजे फाइलीवरची डिजिटल सही पटत नाही. सी००००१४सी रजिस्ट्रीकडे बोट दाखवतो. सी००००२१ए म्हणजे कर्नल उठला, पण विनलॉगॉनसारखी एखादी अत्यावश्यक प्रक्रिया कोसळली. सी०००००ई९ दिसला की मात्र फाइलींचा विचार बाजूला ठेवावा. तो डिस्कशी बोलताना आलेल्या अडचणीचा कोड आहे, आणि तिथे केबल, सॉकेट आणि खुद्द डिस्क यांच्यावर पहिला संशय घ्यावा.

काही बिघाड तर फक्त फाइल करप्ट झाल्याचं सोंग घेतात. मदरबोर्डवरची ३ व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी संपली की फर्मवेअरच्या सेटिंग मूळपदावर जातात. त्यात डिस्क कंट्रोलरची पद्धत एएचसीआयवरून रेडवर किंवा उलट गेली, की विंडोज ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत निळा स्क्रीन दाखवतं. एकही फाइल खराब नसते, फक्त डिस्कपर्यंत पोहोचायचा ड्रायव्हर बदललेला असतो. अशा मशीनवर दुरुस्तीच्या कमांडी चालवल्या तर बरं असलेलं बिघडायचीच शक्यता जास्त. फर्मवेअरमधलं घड्याळ जुनी तारीख दाखवत असेल तर आधी बॅटरी बदलावी आणि ती सेटिंग पाहावी.

आता पेन ड्राइव्ह. किमान ८ जीबीचा ड्राइव्ह घ्यावा आणि दुसऱ्या, धडधाकट कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने त्यावर विंडोज इन्स्टॉलर बनवून घ्यावा. लागोपाठ दोनदा बूट फसलं की विंडोज पुढच्या वेळी आपोआप रिकव्हरीत जातं, आणि ते साधण्यासाठी पॉवर बटण दाबून धरायचा सल्ला सर्रास दिला जातो. डिस्क आजारी असल्याचा संशय असताना तिची वीज अशी मुद्दाम तोडणं मला पटत नाही. पेन ड्राइव्हवरून बूट करून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ निवडावं आणि ट्रबलशूटमधून कमांड प्रॉम्प्ट उघडावा. त्या आजारी मशीनवरचं रिकव्हरी पार्टिशन चांगलं आहे की नाही, यावर मग काहीच अवलंबून राहत नाही.

कमांड प्रॉम्प्ट उघडल्यावर पहिली गफलत ड्राइव्हच्या अक्षरांची होते. रिकव्हरीचं वातावरण रॅममध्ये चालतं आणि स्वतःला एक्स: म्हणवतं. तुमचा नेहमीचा सी: तिथे डी: असू शकतो, आणि सी: हे अक्षर दुसऱ्याच पार्टिशनला मिळालेलं असू शकतं. डिस्कपार्ट उघडून ‘लिस्ट व्हॉल्यूम’ द्यावं, मग एकेका अक्षरावर डीआयआर चालवून विंडोज आणि युजर्स ही फोल्डर कुठे आहेत ते पाहावं. पुढे मी डी: धरून लिहितो आहे. कमांडी इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.

व्हॉल्यूम, म्हणजे विंडोजचं पार्टिशन, लॉक असेल तर बिटलॉकर हे डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करून कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं साधन चालू आहे. ४८ अंकी रिकव्हरी की लागते, सहा-सहा अंकांचे ८ गट. ही की मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर, ऑफिसच्या मशीनची असेल तर ऑफिसच्या आयटी विभागाकडे, किंवा सुरुवातीला छापून ठेवली असेल तर कागदावर असते. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुतेक मशीनवर आपणहून चालू होतं. आपली डिस्क एन्क्रिप्टेड आहे हे पुष्कळांना बिघाडाच्या दिवशीच कळतं. की नसेल तर डेटा नाही. तिथे कुठलीही युक्ती चालत नाही, चालू नये अशीच ती रचना आहे. म्हणून सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) किंवा टीपीएम (की सांभाळणारी चिप) यांच्या सेटिंग ‘बंद करून बघू’ म्हणत बदलू नयेत. ज्या मशीनने तोवर की मागितली नव्हती तेही मग मागू लागतं.

दुरुस्तीची प्रत्येक कमांड डिस्कवर काही ना काही लिहिते, आणि लिहिलेलं परत घेता येत नाही. त्यामुळे पहिल्या तासात फक्त वाचायचं. बाहेरचा ड्राइव्ह लावून ‘रोबोकॉपी डी:\युजर्स ई:\बॅकअप /ई /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१’ अशी कमांड द्यावी. यातला एकही स्विच, म्हणजे तिरक्या रेघेनंतरचा पर्याय, शोभेचा नाही. एक्सजे नसेल तर युजर्समधल्या जुन्या नावांच्या जंक्शनमुळे (दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्यांमुळे) कॉपी स्वतःच्याच शेपटीमागे फिरत राहते. आर आणि डब्ल्यू दिले नाहीत तर रोबोकॉपी न वाचता येणाऱ्या एकेका फाइलीसाठी १० लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. कमांडची भीती वाटत असेल तर प्रॉम्प्टवर नोटपॅड उघडावं आणि ओपनच्या चौकटीत ‘सगळ्या फाइली’ निवडून तिथूनच फोल्डर कॉपी करावेत. हे हळू आहे, पण चालतं.

कॉपी करताना डिस्क अडखळत असेल, टकटक आवाज येत असेल किंवा वेग मधूनच शून्यावर येत असेल, तर थांबावं. मरणाऱ्या डिस्कवर फाइल-फाइल करत कॉपी करणं तिला अधिक पळवणं आहे. लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून आधी स्मार्टसीटीएलने तब्येत पाहावी. हार्ड डिस्क असेल तर ५, १९७ आणि १९८ क्रमांकांच्या नोंदी बघाव्यात. बदली जागेवर हलवलेले, निर्णयाची वाट पाहणारे आणि वाचताच न येणारे सेक्टर तिथे मोजलेले असतात. १९७चा आकडा दर तपासणीला वाढताना दिसला तर ती डिस्क आता फक्त एकदा, शेवटचं वाचण्यापुरती आहे. एनव्हीएमई एसएसडीवर ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ हा आकडा शून्य असायला हवा. शंका असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यूने पूर्ण डिस्कची प्रतिमा तेवढ्याच किंवा मोठ्या ड्राइव्हवर घ्यावी. पहिली फेरी ‘-एन’ स्विचने, म्हणजे खराब जागा ओलांडून जे सहज वाचता येतं ते आधी. मग उरलेल्या जागांसाठी ‘-आर३’. मॅप फाइलचं नाव न विसरता द्यावं, कारण तिच्यामुळेच काम अर्ध्यावर तुटलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. स्रोत आणि लक्ष्य यांची नावं मोठ्याने वाचून मगच एंटर दाबावं. या दोघांची अदलाबदल झाली तर चांगला ड्राइव्ह खराब डिस्कवर ओतला जातो.

रॅमकडे फार उशिरा लक्ष जातं. रॅमचा एखादा बिट उलटत असेल तर फाइल डिस्कवर लिहिली जातानाच चुकीची लिहिली जाते. डिस्क निर्दोष, केबल निर्दोष, आणि दुरुस्त केलेल्या फाइली पुन्हा पुन्हा करप्ट. शिवाय दुरुस्तीची कमांड त्याच रॅममधून चालते, म्हणजे खरी प्रत मिळाली तरी ती वाटेतच मळते. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवावा, निदान पूर्ण चार फेऱ्या. एक चूक दिसली तरी ती चूकच, ‘एवढी एकच तर आहे’ म्हणायला जागा नाही. एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमचा वेग वाढवणारी फर्मवेअरची सेटिंग) चालू असेल तर ती बंद करून मूळ वेगावर पुन्हा चाचणी घ्यावी. कधीकधी रॅमची पट्टी चांगली असते, तिच्यावर लादलेला वेग झेपत नसतो.

आता डिस्क आणि रॅम पास झाले आहेत आणि डेटा सुरक्षित आहे, असं धरू. इथून लिहायला हरकत नाही.

डी:\विंडोज\सिस्टम३२\लॉगफाइल्स\एसआरटी या फोल्डरात एसआरटीट्रेल नावाची टेक्स्ट फाइल असते. ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ने काय काय तपासलं आणि कशावर अडलं, याची ती नोंद आहे. ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ फसलं की लोक निराश होतात, पण ते फसण्याआधी पुष्कळदा दोषी फाइलीचं नाव इथे लिहून ठेवतं. फाइलीच्या तळाकडे ‘रूट कॉज फाउंड’ ही ओळ शोधावी. तिच्याखाली एखादी बूटसाठी अत्यावश्यक फाइल करप्ट असल्याचं तिच्या पूर्ण पत्त्यासह म्हटलेलं असेल तर अर्धं काम झालं.

मग सीएचकेडीएसके, डिस्कवरची मांडणी तपासणारी कमांड. ‘सीएचकेडीएसके डी:’ एवढंच दिलं तर तो फक्त वाचतो आणि अहवाल देतो. सुरुवात तशीच करावी. दोष निघाले तर /एफ. /आर हा स्विच डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचतो. ४ टीबीची हार्ड डिस्क सेकंदाला १५० एमबीने वाचली तर नुसतं वाचायलाच ७ तासांहून जास्त लागतात. खराब डिस्कवर तो चालवणं म्हणजे प्रतिमा घ्यायची शेवटची संधी स्वतःच्या हाताने घालवणं.

सीएचकेडीएसकेकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. एनटीएफएस ही विंडोजची फाइली साठवायची पद्धत, आणि तिची जर्नल, म्हणजे बदलांची रोजनिशी, फक्त फाइलींची मांडणी जपते: नावं, आकार, कुठल्या क्लस्टरमध्ये काय. फाइलीच्या आतला मजकूर त्या जर्नलमध्ये नसतो. लिहिता लिहिता वीज गेली तर पुढच्या वेळी मांडणी चोख असते, फाइलीचा आकार बरोबर असतो, आणि आत मात्र शून्यांची रांग असू शकते. सीएचकेडीएसके अशा फाइलीला निर्दोष म्हणतो, कारण आतला मजकूर काय असायला हवा हे त्याला ठाऊकच नाही. त्याच्याकडे खरी प्रत नाही. तो फक्त घराच्या भिंती सरळ आहेत का ते बघतो. ईएफआय पार्टिशनची गोष्ट तर आणखी नाजूक आहे, कारण फॅट३२ला जर्नलच नसते.

मजकुराची पारख एसएफसी करतो. विंडोज बंद असताना त्याला दोन्ही पत्ते द्यावे लागतात: ‘एसएफसी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=डी:\ /ऑफविनडिर=डी:\विंडोज’. हे न देता नुसतं स्कॅननाऊ चालवलं तर तो रॅममधलं रिकव्हरी वातावरणच तपासायला जातो, किंवा आधीची दुरुस्ती बाकी असल्याचं सांगून थांबतो. एसएफसीची खरी प्रत विनएसएक्सएस या फोल्डरात असते. त्याला कंपोनंट स्टोअर म्हणतात. सिस्टम३२मधली फाइल तिथल्या नोंदीशी जुळवायची, नाही जुळली तर तिथली आणून ठेवायची.

इथे एक खोच आहे. एसएफसी इतक्या वेळा ‘करप्ट फाइली सापडल्या, पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत’ असं का म्हणतो, ते तिच्यातून कळतं. सिस्टम३२मधली फाइल आणि विनएसएक्सएसमधली फाइल या बहुतेक ठिकाणी दोन प्रती नसतात. ती हार्ड लिंक असते, म्हणजे डिस्कवरचे तेच बाइट दोन नावांनी ओळखले जातात. माणसाचं घरातलं नाव वेगळं आणि कागदावरचं वेगळं असलं तरी ताप एकालाच येतो, तसं हे आहे. एखाद्या प्रोग्रामने सिस्टम३२मधली फाइल पुसून तिथे दुसरी ठेवली असेल तर स्टोअरमधलं नाव अजून जुन्या, चांगल्या बाइटकडे जातं आणि एसएफसी यशस्वी होतो. पण सेक्टरच खराब झाला, किंवा वीज जाऊन मूळ बाइटच गेले, तर दोन्ही नावांखाली तीच खराबी असते. एसएफसीला दोष दिसतो, कारण अपेक्षित हॅश (चेकसमसारखाच पडताळणीचा आकडा) वेगळी नोंदलेली आहे. पण आणायला प्रत नाही. अशा वेळी एसएफसी दहा वेळा चालवला तरी उत्तर बदलत नाही.

म्हणून डीआयएसएम. तो कंपोनंट स्टोअरच दुरुस्त करतो आणि त्यासाठी खरी प्रत बाहेरून आणतो. रिकव्हरीत इंटरनेटवरचं अपडेट उपलब्ध नसतं, तेव्हा प्रत म्हणजे पेन ड्राइव्हवरची इन्स्टॉल डॉट विम किंवा इन्स्टॉल डॉट ईएसडी. त्या एका फाइलीत विंडोजच्या अनेक एडिशन असतात. इथे ई: हे अक्षर पेन ड्राइव्हचं धरलं आहे. ‘डीआयएसएम /गेट-विमइन्फो /विमफाइल:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.ईएसडी’ दिल्यावर होम, प्रो वगैरेंचे क्रमांक दिसतात. आपल्या विंडोजचा क्रमांक ६ असेल तर ‘डीआयएसएम /इमेज:डी:\ /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ /सोर्स:ईएसडी:ई:\सोर्सेस\इन्स्टॉल.ईएसडी:६ /लिमिटॅक्सेस /स्क्रॅचडिर:डी:\स्क्रॅच’. विम फाइल असेल तर ईएसडीच्या जागी विम. स्क्रॅच हे फोल्डर आधी बनवून ठेवावं. ते दिलं नाही तर डीआयएसएम एक्स:वर, म्हणजे रॅममधल्या इवल्याशा जागेत पसारा मांडतो आणि जागा अपुरी पडून थांबतो. ‘/लॉगपाथ’ देऊन लॉगही डी:वर घ्यावा, नाहीतर रीस्टार्ट झाल्याबरोबर एक्स:सोबत तोही नाहीसा होतो.

डीआयएसएमचं नेहमीचं रडगाणं म्हणजे ८००एफ०८१एफ हा कोड: स्रोत फाइली सापडल्या नाहीत. पेन ड्राइव्ह समोर असताना हे वाचून माणूस वैतागतो. पण मशीनवर मागच्या महिन्याचं अपडेट बसलेलं असतं आणि पेन ड्राइव्हवरचं विंडोज त्याआधीचं असतं. खराब झालेली फाइल नव्या अपडेटमधली असेल तर तिची प्रत जुन्या इन्स्टॉलरमध्ये असणारच नाही. आवृत्ती, एडिशन, भाषा आणि शक्य तितका जवळचा बिल्ड जुळायला हवा. डीआयएसएम सुरू होताना ‘इमेज व्हर्जन’ छापतो, तो आकडा लिहून घ्यावा आणि तसाच इन्स्टॉलर बनवावा. स्टोअर सुधारल्यावर मग एसएफसी पुन्हा चालवायचा. आधी डीआयएसएम, नंतर एसएफसी, हा क्रम यासाठी.

अपडेट अर्ध्यावर असताना मशीन बंद पडलं असेल तर वेगळंच काम आहे. ‘डीआयएसएम /इमेज:डी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगअॅक्शन्स’ ही कमांड अर्धवट राहिलेले बदल मागे घेते. ती फक्त बूट न होणाऱ्या विंडोजसाठी आहे, आणि चालवल्यावर लगेच रीस्टार्ट करावं, मधे दुसरं काही करू नये. याच हेतूने ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ हा पर्याय रिकव्हरीच्या मेनूतही आहे. कमांडच्या आधी तो वापरून पाहावा.

बूट मॅनेजर किंवा बीसीडी गेलं असेल तर खरी प्रत तुमच्याच विंडोजमध्ये, डी:\विंडोज\बूट या फोल्डरात असते. डिस्कपार्टमध्ये ते १०० एमबीचं फॅट३२ पार्टिशन निवडून त्याला एस हे अक्षर द्यावं, मग ‘बीसीडीबूट डी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’. एवढंच. बूटरेकच्या फिक्सएमबीआर, फिक्सबूट या कमांडी जुन्या काळच्या आहेत. यूईएफआय मशीनवर पहिलीने काही साधत नाही, आणि दुसरी बऱ्याचदा ‘अॅक्सेस इज डिनाइड’ म्हणते. त्या नकाराच्या मागे लागून तास घालवण्यात अर्थ नाही.

रजिस्ट्री हा सगळ्यांत दुखरा भाग, कारण तिची खरी प्रत मायक्रोसॉफ्टकडे नसतेच. प्रत्येक मशीनची रजिस्ट्री त्या मशीनपुरती. सिस्टम३२\कॉन्फिग या फोल्डरात सिस्टम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी आणि डिफॉल्ट अशा बिनएक्स्टेंशनच्या फाइली असतात. शेजारी त्यांच्या लॉग१, लॉग२ नावाच्या फाइली असतात. त्या कचरा समजून पुसू नयेत, अर्धवट राहिलेले बदल तिथेच असतात. पूर्वी याच फोल्डरातल्या रेगबॅकमध्ये विंडोज आपणहून बॅकअप घेत असे, आणि तिथून फाइली कॉपी करायचा सल्ला आजही फिरतो. पण विंडोज १०च्या १८०३ आवृत्तीपासून हा बॅकअप बंद आहे. रेगबॅकमध्ये नावं दिसतात, आकार मात्र शून्य. त्या पोकळ फाइली खऱ्या रजिस्ट्रीवर कॉपी केल्या की वाचण्याजोगं विंडोजही गेलंच. आधी डीआयआर करून आकार बघा, आणि काहीही करण्याआधी अख्खं कॉन्फिग फोल्डर बाजूला कॉपी करून ठेवा. रेगबॅक रिकामा असेल तर सिस्टम रिस्टोअर हाच धड मार्ग. त्याच्या रिस्टोअर पॉइंटमध्ये रजिस्ट्रीही असते. मेनूतून तो चालला नाही तर प्रॉम्प्टवरून ‘आरएसटीआरयूआय /ऑफलाइन:डी:\विंडोज’ करून पाहावं.

खरी प्रत कितीही मिळाली तरी उपयोग नाही, अशीही एक वेळ असते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक कॉन्फिगरेशन फाइल जगभर पोहोचली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन त्यात अडकली. ती फाइल डिस्कवर करप्ट झालेली नव्हती, जशी पाठवली तशीच पोहोचली होती. तिच्या साच्यात २१ रकाने होते आणि वाचणाऱ्या कोडला २० पुरवले जात होते. कर्नलमधला ड्रायव्हर नसलेल्या जागी वाचायला गेला आणि कोसळला. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण जी मशीन बूटच होत नव्हती त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचणार कशी? एसएफसीने किंवा डीआयएसएमने तिथे काही झालं नसतं, कारण ती फाइल विंडोजची नव्हतीच. सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरीत जाऊन ड्रायव्हर्स\क्राउडस्ट्राइक या फोल्डरातली ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाइल पुसायची, एवढाच उपाय होता. अनेक मशीन बिटलॉकरच्या त्या ४८ अंकांपाशी अडली, आणि एकेका मशीनसमोर माणूस बसवावा लागला. स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ४ दाबून मिळणारा सेफ मोड म्हणून आधी पाहावा. तिथे विंडोज उठलं तर दोष बहुधा तिसऱ्याच कुणाच्या ड्रायव्हरचा.

लिनक्समध्ये हा सगळा मामला जास्त उघडा आहे. पॅकेज मॅनेजरकडे प्रत्येक फाइलीची चेकसम असते. डेबियन घराण्यात ‘डेबसम्स -सी’, रेड हॅट घराण्यात ‘आरपीएम -व्हीए’ चालवलं की बिघडलेल्या फाइलींची यादीच समोर येते, आणि लाइव्ह यूएसबीवरून सीएचरूट करून (म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या सिस्टममध्ये शिरून) तेवढीच पॅकेजं पुन्हा बसवता येतात. अपडेट अर्ध्यावर तुटलं असेल तर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये येणारी छोटी सिस्टम) आणि ग्रब (लिनक्सचा बूट लोडर) नव्याने. त्याआधी डीएफ या मोकळी जागा दाखवणाऱ्या कमांडने बूट पार्टिशन भरलेलं नाही ना ते बघावं. जुने कर्नल साठून जागा संपणं आणि त्यामुळे इनिटरॅमएफएस अर्धवट लिहिलं जाणं हे कारण फार सामान्य आहे. मॅकवर २०२०च्या बिग सरपासून सिस्टमचं पूर्ण व्हॉल्यूम सही करून सीलबंद असतं. एकेक फाइल दुरुस्त करायचा प्रश्नच तिथे येत नाही. सील तुटलं तर रिकव्हरीतून मॅकओएस पुन्हा टाकायचं, डेटा वेगळ्या व्हॉल्यूमवर राहतो.

विंडोजवर हे सगळं करूनही जमलं नाही तर ‘रीसेट धिस पीसी’ आहे. फाइली ठेवण्याचा पर्याय निवडला तरी प्रोग्राम जातात, आणि बॅकअप न घेता त्यावर भिस्त ठेवू नये. क्लाउड डाउनलोड निवडावं. डिस्कवरच्या संशयास्पद फाइलींतून नवं विंडोज उभारण्यापेक्षा ताजी प्रत बरी.

मशीन उठलं की तिथेच हात झटकू नयेत. चालू विंडोजमध्ये डीआयएसएम आणि एसएफसी पुन्हा एकदा चालवून दोन्ही निर्दोष येतात का पाहावं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डिस्क’ आणि ‘एनटीएफएस’च्या नोंदी पंधरा दिवसांनी परत बघाव्यात. दुहेरी बूट असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करावं. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि त्या अवस्थेत लिनक्समधून त्याच पार्टिशनवर लिहिलं तर मांडणी विस्कटते. प्रशासकाच्या प्रॉम्प्टवर ‘रीएजंटसी /इन्फो’ देऊन रिकव्हरी ‘एनेबल्ड’ आहे ना तपासावं, नसेल तर ‘रीएजंटसी /एनेबल’. रजिस्ट्रीत एचकेएलएम\सिस्टम\करंटकंट्रोलसेट\कंट्रोल\सेशन मॅनेजर\कॉन्फिगरेशन मॅनेजर इथे एनेबलपिरिऑडिकबॅकअप नावाची डीवर्ड किंमत १ केली की रेगबॅकमध्ये पुन्हा खरे बॅकअप पडू लागतात. सिस्टम प्रोटेक्शन सी:वर चालू करून एक रिस्टोअर पॉइंट हाताने बनवावा. आणि बिटलॉकरचे ४८ अंक कागदावर लिहून त्या मशीनपासून दूर ठेवावेत, त्यांच्यासोबत दिसणारा की आयडीही लिहावा, कारण घरात दोन मशीन असतील तर कुठली की कुणाची हे त्या आयडीवरूनच कळतं.